झाकण लागलं की नाही

घरात तिला सगळे खुडबुडी म्हणत. नाव आईने ठेवलेलं. टॉर्च, फवाऱ्याची बाटली, चष्म्याची पेटी, घरातलं काहीही जागेवर दिसलं नाही की आई मान न वळवताच हाक मारायची, "खुडबुडे, आण इकडे!" मग ती पलंगाखालून त्या वस्तूचे तुकडे ओंजळीत घेऊन बाहेर यायची. बहुतेक वेळा ते परत जुळायचेही. नाही जुळले तर तिचा चेहरा असा पडायचा की रागवायला आलेलं माणूसच तिची समजूत घालत बसायचं.

हे माहेरचं नाव सासरी कळू नये अशी तिची फार इच्छा होती. पण होणाऱ्या सासरी ती पहिल्यांदा चहाला गेली त्याच दिवशी बिंग फुटलं. समोर साखरेचं भांडं होतं, फिकट हिरव्या प्लास्टिकचं, कडेला पाकळ्या असलेलं. इतक्या पातळ पाकळ्यांच्या टोकापर्यंत प्लास्टिक पोहोचलं कसं, हा प्रश्न तिच्या डोक्यात शिरला आणि डोक्यातून थेट हातात उतरला. तिने भांडं उचललं आणि तळ बघायला सरळ उलटं केलं. साखर टेबलावर, टेबलावरून तिच्या नव्या कपड्यांवर आणि उरलेली जमिनीवर. आईने डोळे मिटून घेतले. होणारा नवरा हसू दाबता दाबता लालबुंद झाला. होणारे सासरे मात्र खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "काय सापडलं?"

ती लाजेने अर्धी झाली होती, तरी तिने बोट ठेवून दाखवलं. तळाच्या मधोमध दाण्याएवढा खरबरीत ठिपका होता. "वितळलेलं प्लास्टिक इथून आत शिरलं," ती म्हणाली, "आणि मग चहूकडे पळत गेलं."

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि भांड्यावर वाकले. "इतकी वर्षं आम्ही यातून साखर खातोय," ते म्हणाले, "आणि याला बेंबी आहे हे मला आज कळतंय!"

तेव्हापासून त्या दोघांचं जमलं ते जमलंच.

सासरे टायपिंगचे सर. भाड्याच्या एका लांबट खोलीत त्यांनी उभा जन्म क्लास चालवला. भिंतीला लागून दोन्ही बाजूंना टाइपरायटर, मधल्या चिंचोळ्या जागेत सर येरझाऱ्या घालताहेत, आणि शे-दोनशे बोटं एकाच वेळी बडवताहेत, असं ते चित्र. संगणक आले, क्लास बंद झाला, मशीनं विकली गेली. एक मशीन तेवढं त्यांनी घरी आणून खिडकीपाशी ठेवलं. बायको गेल्यानंतर त्यांचं बोलणं कमी झालं होतं. विचारलेल्या प्रश्नाला ते कधी भलतंच उत्तर द्यायचे, कधी नुसतं "हो हो" म्हणून हसायचे. घरातल्यांनी त्याची सवय करून घेतली होती. "बाबा त्यांच्याच तंद्रीत असतात," असं नवरा पाहुण्यांना सांगायचा, आणि पाहुणेही मान डोलवायचे.

आणि ती? ती प्लास्टिकच्या वस्तू काढायची. म्हणजे संगणकावर काढायची, वाकवायची, फिरवून फिरवून बघायची. गावाबाहेरच्या गोदामांच्या रांगेत एक कारखाना होता, त्याच्या वरच्या मजल्यावर तिचं टेबल. खाली मशीनं चालू झाली की टेबलावरचा चहा कपातल्या कपात थरथरायचा. वर मॉडेल तयार व्हायचं, खाली त्याप्रमाणे पोलादाचा साचा कापला जायचा, आणि साच्याच्या पोकळीत वितळलेलं प्लास्टिक जोराने भरून झाकणं, बटणं, मुठी, खटके बाहेर पडायचे. नवीन माणसाला ती समजावून सांगायची, की स्क्रीनवर काहीही उभं राहतं हो, स्क्रीनला काय जातंय? पण वस्तू साच्यातून सरळ बाहेर यायला हवी. म्हणून बादलीला असतो तसा प्रत्येक भिंतीला किंचित उतार द्यायचा. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी ठेवायची, कारण जाड भाग उशिरा थंड होतो आणि थंड होताना आत ओढला जातो. तिथे खळी पडते. "खळी गालावर शोभते," ती म्हणायची, "डबीवर नाही."

हे सगळं तिला पाठ होतं. तरी प्रत्येक नव्या वस्तूपुढे ती पहिल्यांदाच बघितल्यासारखी बसायची, आणि साहेबांची तीच तक्रार असायची. साहेब माणूस चांगला, पण कायम घाईत. ते तिच्या टेबलाशी येऊन दोन बोटांनी टकटक करायचे आणि म्हणायचे, "अहो, बघताय काय, काढा!"

अशीच टकटक करत ते एकदा एक डबी घेऊन आले. आठवडाभराच्या गोळ्या ठेवायची लांबट डबी होती. सात कप्पे, सात छोटी झाकणं. म्हाताऱ्या माणसांसाठी अशा डब्या विकणाऱ्या एका कंपनीला ती नव्याने करून हवी होती. जुनी चालत होती, पण तिच्याबद्दल तक्रारी फार. झाकण लागलंय असं वाटायचं, लागलेलं नसायचं. मग डबी पिशवीत उघडायची आणि सोमवारच्या गोळ्या गुरुवारच्या गोळ्यांत जाऊन मिसळायच्या. कंपनीने एकच ओळ लिहिली होती, की झाकण लागलं हे वापरणाऱ्याला कळलं पाहिजे.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "टक् असा मोठा आवाज आला पाहिजे. आवाज वाढवा, झालं काम."

साहेब गेले आणि ती त्या डबीचं एक झाकण उघडत, लावत, परत उघडत बसली. टक्. हूक अडकला की आवाज येतो हे तर कुणीही सांगेल. पण येतो कुठून? हुकातून? झाकणातून? की खालच्या डबीतून? तिने डबी टेबलावर ठेवून झाकण लावलं, आवाज खणखणीत आला. तळहातावर ठेवून लावलं, आवाज दबला. म्हणजे अर्धा आवाज टेबलाचाच होता! तिला एकदम गुदगुल्या झाल्यासारखं झालं. आता हे प्रकरण सुटेपर्यंत तिला चैन पडणार नव्हतं.

पुढचे काही दिवस घरात नुसता टकटकाट. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. त्याला तिने दुकानातल्या सगळ्या प्रकारच्या पेट्या आणायला लावल्या. तेलाच्या बाटल्यांची झाकणं, पेनांची टोपणं, मुलीच्या जुन्या कंपासपेटीचा खटका, सगळ्याची तपासणी झाली. ती झाकण कानाशी धरायची, मग कडेला चिमटीत धरायची, मग मधोमध बोट टेकवून परत लावायची. हळूहळू तिच्या लक्षात आलं, की हूक कडेवरून घसरताना वाकतो, आणि कड ओलांडली की सुटून झटक्याने सरळ होतो. तो फटका भिंतीला बसतो आणि झाकण पातळ, रुंद असेल तर ते ढोलासारखं वाजतं. हूक म्हणजे टिपरू, झाकण म्हणजे चामडं.

"आई," कॉलेजात जाणारी मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "शाम्पूची बाटली बाथरूममध्ये परत ठेवशील का? मी ओल्या केसांनी ती शोधतेय."

"ऐक ना, हिचा आवाज बघ कसा गोल आहे."

"आवाज गोल नसतो गं, आई!"

"असतो. ऐक."

मुलीने बाटली कानाशी धरली, झाकण दोनदा लावलं आणि म्हणाली, "आहे खरा." मग बाटली हिसकावून निघून गेली.

कारखान्यात छोट्या वस्तू थर थर चढवत छापणारं एक यंत्र होतं. त्यावर तिने वेगवेगळ्या हुकांची झाकणं छापून घेतली. एकाचा हूक लांब, एकाचा आखूड, एकाचं झाकण कागदासारखं पातळ. आणि तुलनेसाठी एक असं, ज्याला हूकच नव्हता. ते नुसतंच डबीवर बसायचं, आवाज नाही की काही नाही. रविवारी जेवणं झाल्यावर तिने टेबल पुसलं आणि सगळ्यांना थांबवून घेतलं.

"डोळे मिटायचे. मी झाकण हातात देईन. लावायचं, आणि लागलं असं वाटलं की सांगायचं. बस्."

नवऱ्याने डोळे मिटले, झाकणं लावली, बरोबर सांगितलं. बिनहुकाच्या झाकणाशी तो अडला आणि "हे लागत नाहीये" म्हणाला. मुलीनेही तसंच केलं. मग सासऱ्यांची पाळी आली. ते खुशीत होते. बाह्या सरसावून, डोळे घट्ट मिटून बसले. पहिलं झाकण त्यांनी अंगठ्याने चांगलं दाबलं. "लागलं!" ते लागलं नव्हतं, तिरकं बसलं होतं. दुसरं दाबलं. "लागलं!" तिसरं तिने दिलं ते बिनहुकाचं.

"लागलं," सासरे म्हणाले. "वा! याचा आवाज सगळ्यात छान."

मुलीला हसू फुटलं. "आजोबा, त्याला आवाजच नाहीये!"

सासऱ्यांनी डोळे उघडले. ते हसणाऱ्या नातीकडे बघून आधी सवयीने हसले. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. नातीचंही हसू मध्येच थांबलं.

"म्हणजे माझी मस्करी चालली होती का?"

"नाही हो बाबा," ती घाईघाईने म्हणाली, "मस्करी कशी..."

पण ते उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि आपल्या खोलीत निघून गेले.

टेबलाभोवती तिघं बसून राहिली. तिच्या मनात एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत होती. फोन वाजला की बाबा तो दुसऱ्याच्या हातात द्यायचे. टीव्ही बघताना खालच्या पट्टीवरची अक्षरं वाचायचे. पाठीमागून हाक मारली तर कधीच वळायचे नाहीत, आणि समोरून बोललं तर ओठांकडे टक लावून बघायचे. तंद्री कसली! हा माणूस कधीपासून कुणास ठाऊक, अर्धंमुर्धं ऐकून अंदाजाने हो हो म्हणत होता. आणि तिने, जगातल्या प्रत्येक वस्तूचा तळ उलटून बघणाऱ्या बाईने, घरातल्या घरात हे बघितलं नव्हतं. बघितलं तेही झाकणं तपासायच्या नादात.

"मी बोलतो बाबांशी," नवरा म्हणाला. तो आत गेला, आणि लगेच परत आला. "झोपलेत म्हणे."

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा सासरे खिडकीपाशी टाइपरायटरसमोर बसले होते. कागद नव्हता, नुसती बोटं पट्ट्यांवर ठेवली होती. ती त्यांच्या समोर, उजेडात, चेहरा दिसेल अशी जाऊन बसली. पिशवी तिने मांडीवर घेतली. मग तेच म्हणाले, "त्यातलं बिनआवाजाचं कुठलं होतं?"

तिने पिशवीतून झाकणं काढून त्यांच्यापुढे मांडली आणि ते दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हूक नाही याला."

"नाही."

"आणि बाकीची वाजतात?"

"वाजतात."

त्यांनी ते झाकण टाइपरायटरच्या पट्ट्यांशेजारी ठेवलं. मग म्हणाले, "मशीनवर ओळ संपत आली की घंटी वाजते, माहितेय ना? टिंग. ती ऐकून पोरं ओळ बदलायची. माझ्या टेबलावरच्या मशीनची घंटी एकदा बंद पडली. दुरुस्तीला पाठवलं. दुरुस्तीवाला म्हणाला, सर, वाजतेय की. क्लासात आणलं, परत बंद. परत पाठवलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं ना..." ते हसले. "मग मी तो विषयच सोडला. घंटीवाचून माझं अडत नव्हतं."

"मग ओळ संपली हे कळायचं कसं?"

हा प्रश्न तिने सांत्वनासाठी विचारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते सरसावून बसले.

"अगं, बोटाला कळतं. ओळ संपली की पट्टी अडून बसते, सुटतच नाही. हात दे इकडे. हं, ही पट्टी दाब. हळू. आधी जड लागते, एका जागी अडल्यासारखी होते, आणि मग सुटते. कळलं? ते सुटणं बोटाला कळतं. मी पोरांना सांगायचो, कान बंद करा, बोटाने ऐका. खोलीत एवढा कल्लोळ असायचा, कान काय कामाचे! पट्टी सुटली म्हणजे अक्षर उमटलं. बघायला नको, ऐकायला नको."

तिने पट्टी दाबली. जड, अडली, सुटली. परत दाबली. मग दुसरी दाबली. मग तिने त्यांच्यासमोरचं एक झाकण उचलून लावलं आणि डोळे मिटून नुसत्या अंगठ्याकडे लक्ष दिलं. झाकण लागलं, टक् झालं, पण अंगठ्याला फारसं काही कळलंच नाही. हूक होता झाकणाच्या एका कोपऱ्यात, आणि अंगठा दाबत होता भलतीकडेच. तो बिचारा आपल्या जागी सुटत होता, वाजत होता, आणि अंगठ्याला त्याची वार्ताही नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "मी इतके दिवस कानासाठीच करत बसले होते."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिने जुनं मॉडेल बाजूला ठेवलं आणि नव्याने मांडणी केली. हूक कोपऱ्यातून उचलून झाकणाच्या पुढच्या कडेला, जिथे अंगठा दाबणार बरोबर त्याच्या खाली आणला. पुढचा उतार लांब आणि सौम्य ठेवला, म्हणजे दाब हळूहळू वाढेल. उताराच्या शेवटी मात्र एकदम उतरण, म्हणजे सुटणं अंगठ्याखालीच होईल. साहेब येऊन टकटक करून गेले, परत आले.

"हे काय? आवाज कुठाय यात?"

"आवाज येईल थोडा. पण हे हाताला कळेल."

"कंपनीने आवाज मागितलाय."

"कंपनीने लिहिलंय, कळलं पाहिजे," ती म्हणाली. "आवाज तुम्ही मागितलाय, साहेब."

साहेबांनी ती ओळ परत उघडून वाचली. दुसऱ्यांदाही वाचली. "हं," एवढंच म्हणून ते गेले, आणि त्या दिवशी टकटक करायला परत आले नाहीत.

अडवणूक केली ती साचेवाल्या काकांनी. साचे करण्यात त्यांचे केस पिकले होते. तिचं डिझाइन आवडलं की ते तिला "पोरी" म्हणायचे, नाही आवडलं की "मॅडम". त्यांनी स्क्रीनवर डबी फिरवली, हुकाशी येऊन थांबले आणि म्हणाले, "मॅडम, हा हूक साच्यातून बाहेर कसा यायचा? हुकाच्या पोटाखाली पोलाद जाणार कुठून? ओरबाडून काढायचा का?"

खरं होतं. हुकाचा वाकडा भाग आत वळलेला, आणि साचा उघडतो सरळ. दोघं बराच वेळ खुर्च्या जवळ ओढून बसली. काकांनी हाताची मूठ झाकण केली आणि दुसऱ्या हाताचं बोट पोलाद केलं. तिने माऊसने झाकण कापून पाहिलं, फिरवून पाहिलं. शेवटी काका म्हणाले, "हुकाच्या बरोबर वर झाकणाला एक खिडकी ठेव. तिथून माझं पोलाद खाली येईल, हुकाचं पोट घडवेल आणि आल्या वाटेने सरळ वर जाईल. गोळ्यांचा कप्पा तर मागेच राहतो, त्याला काही होत नाही."

झाकणाच्या पुढच्या कडेला भोक! दिसायला कसं दिसेल, असं तिला वाटलं. पण दुसरा मार्ग नव्हता. तिने खिडकी ठेवली आणि तिच्या कडा गोल केल्या.

"आणि हूक सुरुवातीला लहानच ठेव, पोरी," काका म्हणाले. "मोठा करायचा तर साच्यातलं पोलाद थोडं आणखी कापेन. पण लहान करायचा म्हटलंस तर कापलेलं पोलाद मी परत आणू कुठून?"

साचा झाला. पहिल्या ट्रायलच्या दिवशी सगळी मशीनभोवती गोळा झाली. साचा उघडला, डबी आणि झाकणं बाहेर पडली, आणि तिने गरम गरमच एक झाकण उचलून लावलं. काहीच नाही. मऊ, लुळं, ओल्या पुठ्ठ्यासारखं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"ताज्या मालावर जाऊ नका," काका म्हणाले. "अजून आळतंय ते."

हे तिलाही ठाऊक होतं. हे प्लास्टिक साच्याबाहेर आल्यावरही बराच वेळ घट्ट होत राहतं, किंचित आकसत राहतं. किती आकसणार त्याचा हिशेब करून आकडे तिनेच मॉडेलमध्ये भरले होते. पण अंगठ्याला काय कळणार याचे आकडे कुठल्याच पुस्तकात नव्हते. छापून घेतलेल्या नमुन्यांवरूनही काही सांगता येत नव्हतं, ते प्लास्टिकच वेगळं. तिने काही डब्या कागदात गुंडाळून घरी नेल्या.

सकाळी चहाच्या वेळी तिने एक डबी सासऱ्यांपुढे ठेवली. त्या रविवारनंतर झाकणांचा विषय पहिल्यांदाच टेबलावर येत होता. मुलगी चहाचा कप खाली ठेवून बघत होती. सासऱ्यांनी स्वतःहूनच डोळे मिटले. अंगठा झाकणावरून सरकत पुढे गेला, खिडकीच्या गोल कडेशी थांबला आणि दाबला.

"ही खाच छान ठेवलीस," ते म्हणाले. "कुठे दाबायचं ते शोधावं लागत नाही."

ती चमकली. खिडकी काकांच्या पोलादासाठी होती. अंगठ्याला ती वाट दाखवेल हे ना काकांच्या डोक्यात आलं होतं, ना तिच्या.

"आणि लागल्याचं कळलं?" त्यांनी डोळे उघडल्यावर तिने विचारलं.

त्यांनी झाकण उघडलं, परत लावलं. चेहऱ्यावर टायपिंगच्या सरांचा जुना कडक भाव आला. "कळतंय. पण कुजबुजल्यासारखं. जरा स्पष्ट बोलायला सांग त्याला."

काकांनी साच्यातलं पोलाद केसभर कापलं. दुसऱ्या ट्रायलच्या डब्या तिने पुन्हा घरी आणल्या. या वेळी सासऱ्यांनी लावलेलं झाकण तिरकं होतं तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "नाही लागलं." परत दाबलं, आणि सुटणं अंगठ्याखाली आलं तसे त्यांनी डोळे उघडले. "लागलं." त्यांनी सातही झाकणं लावली, उघडली, परत लावली. मग नातीने डबी मागितली तर देईनात.

डबी कंपनीला पसंत पडली. कंपनीने ती त्यांच्याकडच्या काही म्हाताऱ्या माणसांना वापरायला दिली होती, त्यांच्याही तक्रारी आल्या नाहीत. एका बाईंनी तेवढं विचारलं म्हणे, की खिडकी फक्त पुढेच का, मागेही का नाही. हा प्रश्न खुडबुडीला फार आवडला. ती दोन दिवस त्यावर विचार करत होती.

घरात मात्र वेगळंच घडलं. नवरा बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेण्यासाठी मागे लागला होता, आणि बाबा दाद देत नव्हते. "या वयात कशाला?" हे एकच पालुपद. मग एके सकाळी ते स्वतःच बूट घालून तयार होऊन बसले.

"कुठे निघालात?" तिने विचारलं.

"कानाच्या डॉक्टरकडे."

"आज एकदम?"

"तुम्ही सगळे त्या झाकणांचा टक् टक् म्हणून इतके दिवस बोलताय. तो आहे तरी कसा, ते मला बघायचंय."

कानाचं यंत्र आलं. पहिल्या दिवशी सासरे घरभर फिरून कशाकशाचे आवाज येतात ते बघत होते. स्वतःच्या चपला इतक्या फटफट वाजतात हे कळल्यावर त्यांना धक्काच बसला. फ्रिज गुरगुरतो हे कुणी सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर दचकले. मग त्यांनी तिची जुनी नमुन्याची झाकणं मागवून घेतली आणि एकेक कानाशी धरून लावली.

"एवढाच होय?" ते म्हणाले. "मला वाटलं, काय असेल नि काय नाही."

"एवढाच," ती म्हणाली.

"पण हा बघ, हा जरा गोल आहे."

मुलगी आतल्या खोलीतून ओरडली, "आजोबा, तुम्हीसुद्धा!" आणि ते त्यांना ऐकू आलं. त्यांनी मागे वळून, अगदी सहज उत्तर दिलं. खुडबुडी हातातला चमचा तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी हट्टच धरला, की डबी होते कशी ते बघायचं. तिने साहेबांची परवानगी काढली आणि त्यांना कारखान्यात नेलं. आत पाऊल टाकताच त्यांनी दोन्ही कान झाकले. सगळी मशीनं एकदम सुरू होती. त्यांनी खिशातून छोटी डबी काढली, यंत्र कानातून काढून तिच्यात ठेवलं आणि मग शांतपणे मशीनपुढे जाऊन उभे राहिले. साचा बंद झाला, थोडा वेळ गेला, साचा उघडला, डब्या खाली पडल्या. त्यांनी मशीनच्या पत्र्यावर तळहात टेकवला. साचेवाले काका काही म्हणणार तेवढ्यात तिने त्यांना खुणेने थांबवलं, तिथे हात ठेवला तर चालण्यासारखं होतं.

"आत्ता भरतंय," सासरे हाताकडे लक्ष देऊन म्हणाले. "आता थांबलं. आता... उघडणार."

साचा उघडला. काका कौतुकाने हसले.

सासऱ्यांनी मशीनच्या वरच्या बाजूला पाहिलं. तिथल्या उभट भांड्यात पांढरे दाणे हळूहळू खाली सरकत होते. "ते दाणे कडक दिसतात," ते मोठ्याने म्हणाले, कारण यंत्र डबीत होतं. "मग पातळ होतात कुठे? आणि आतल्या आत अडकत कसे नाहीत?"

ती त्यांच्यासमोर आली, चेहरा नीट दिसेल अशी, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "चला, मागच्या बाजूने दाखवते. तिथे एक मोठा स्क्रू फिरतोय."

"स्क्रू?" सासरे म्हणाले, आणि तिच्या आधी तेच निघाले.